साइडकारमधला दुसरा माणूस

‘यंदाच्या स्मरणिकेसाठी वैद्यकाबाहेरचे काहीतरी लिहा,’ असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा जो विषय मनात आला, तो अनेकांना चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. मोटारसायकलींच्या शर्यतींशी माझा संबंध म्हणाल तर एवढाच, की आयुष्याची पस्तीस वर्षे मी दुचाकीवरून पडलेल्यांची हाडे जोडीत आलो. स्वतः मी कधी शर्यत लावली नाही आणि आता लावण्याचे वयही राहिलेले नाही. तरीही एका जर्मन शर्यतपटूची कारकीर्द गेली काही वर्षे माझ्या मनात घर करून बसली आहे. त्याचे नाव हेल्मुट फाथ. तो साइडकारच्या शर्यतीत दोनदा विश्वविजेता झाला. पहिल्या आणि दुसऱ्या विजयात आठ वर्षांचे अंतर होते आणि त्या आठ वर्षांत जे घडले, ते आपल्या व्यवसायातील प्रत्येकाने जाणून घ्यावे असे आहे.

साइडकार म्हटले की बेळगावच्या जुन्या मंडळींना स्कूटरला जोडलेली ती होडीसारखी पेटी आठवेल. सत्तर-ऐंशीच्या दशकांत टिळकवाडी, शहापूर भागांत अशा स्कूटरी पुष्कळ दिसत. मोटार घेण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबाची ती मोटारच होती. पुढे उभा मुलगा, मागे पत्नी आणि साइडकारमध्ये नातवंडाला मांडीवर घेतलेली आजी, असा अख्खा संसार एका इंजिनावर देवदर्शनाला निघे. आजीचे काम फक्त बसून राहण्याचे. तोल, वळण, खड्डे ही सारी चिंता चालवणाऱ्याची.

शर्यतीतल्या साइडकारमध्ये मात्र कोणी बसून राहत नाही. काही वर्षांपूर्वी मानहाइमजवळ नोकरीस असलेल्या माझ्या पुतण्याकडे गेलो असता त्याने मला हॉकेनहाइमच्या शर्यतमार्गालगतचे मोटारक्रीडा संग्रहालय दाखवले. तेथे जुन्या शर्यतींची ती तीनचाकी वाहने पाहून मी थक्क झालो. ज्याला साइडकार म्हणायचे ती जमिनीपासून वीतभर उंचीवरची एक सपाट फळी आणि तिच्यावर हाताने धरण्याच्या एक-दोन मुठी. आसन नाही आणि पट्टाही नाही. चालकालाही खोगीर नसते. तो गुडघे टेकून, इंधनाच्या टाकीवर छाती ठेवून वाहन हाकतो. गुडघ्यावर बसून चालवण्याची ही रीत ब्रिटिश विश्वविजेता एरिक ऑलिव्हर याने पन्नाशीच्या दशकात रूढ केली.

या वाहनाची रचनाच मुळात तिरकी आहे. एका बाजूला इंजिन आणि दोन चाके, दुसऱ्या बाजूला एकच चाक. समजा साइडकार डावीकडे आहे. डावे वळण वेगाने घेताना साइडकारचे चाक उचलले जाऊ लागते आणि वाहन उजवीकडे उलटू पाहते. अशा वेळी फळीवरचा माणूस शरीर बाहेर झोकून देतो. त्याचा खांदा रस्त्याला घासेल इतका तो खाली जातो. उजवे वळण आले की तोच माणूस निमिषार्धात फळीवरून उठून चालकाच्या मागे येतो आणि मागच्या चाकावर आपला भार देतो, म्हणजे चाकाची पकड सुटत नाही. मातीच्या लंबवर्तुळाकार मैदानावरच्या शर्यती असोत वा डांबरी रस्त्यावरच्या, हे तत्त्व बदलत नाही. इंग्रजीत या दुसऱ्या माणसाला नुसते ‘पॅसेंजर’ म्हणतात. नाव मोठे फसवे आहे. त्याच्या हातात ना सुकाणू, ना ब्रेक. पण त्याने एका वळणावर अर्धा क्षण उशीर केला तर वाहन दोघांनाही घेऊन उलटते. आणि चालकाची चूक झाली तर त्याला ती सुधारता येत नाही, फक्त भोगता येते. इंजिनाच्या गर्जनेत दोघांना एकमेकांशी बोलणे शक्य नसते. सारा व्यवहार विश्वासावर चालतो.

आपल्यापैकी शस्त्रक्रिया करणाऱ्यांना हे नाते ओळखीचे वाटेल. शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाव सर्जनचे होते. डोक्याशी उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञाचे नाव नातेवाइकांना बहुधा ठाऊकही नसते. पण मी तर यापुढेही जाईन. आपल्या फळीवर खरा कोण असतो, तर तो टेबलावर निजलेला रुग्ण. त्याच्या हाती काहीच नसते, आणि आपल्या चुकीचे मोल त्यालाच द्यावे लागते.

आता फाथविषयी. त्याचा जन्म १९२९ सालचा. हायडलबर्गजवळच्या ओडेनवाल्ड या डोंगराळ भागातील उर्सेनबाख हे त्याचे छोटेसे गाव. शर्यतपटू म्हणून जितका, तितकाच तो यंत्रज्ञ म्हणूनही निष्णात होता. साइडकारची विश्वविजेतेपद स्पर्धा १९४९ मध्ये सुरू झाली. पहिली पाच वर्षे तेथे ब्रिटिशांच्या नॉर्टनचे राज्य होते. १९५४ पासून बीएमडब्ल्यूने सत्ता हाती घेतली आणि पुढे सलग चौदा वर्षे विश्वविजेत्याचे वाहन बीएमडब्ल्यूच्याच इंजिनावर चालत राहिले. दोन आडव्या, समोरासमोरच्या सिलिंडरांचे ते इंजिन बुटके असल्याने साइडकारच्या ठेंगण्या सांगाड्यात चपखल बसे.

फाथही त्याच इंजिनावर धावत होता. त्याचा जोडीदार होता आल्फ्रेड वोल्गेमुट. १९६० साली या दोघांनी हंगामातील बहुतेक शर्यती जिंकून विश्वविजेतेपद मिळवले. त्यांतला आयल ऑफ मॅन बेटावरचा विजय विशेष मानला जातो. तेथली शर्यत बंद मैदानावर होत नाही. गावांतून, घरांच्या भिंतींना आणि दगडी कुंपणांना खेटून जाणाऱ्या, डोंगर चढून उतरणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावर ती होते. एक फेरी पावणेअडतीस मैलांची. साइडकारवाल्यांना १९२५ नंतर प्रथमच, म्हणजे पस्तीस वर्षांनी, १९६० मध्ये हा पूर्ण डोंगरी मार्ग पुन्हा खुला झाला होता. तीन फेऱ्यांचे एकशे तेरा मैल फाथ आणि वोल्गेमुट यांनी ताशी सुमारे चौऱ्याऐंशी मैलांच्या सरासरीने पार केले. म्हणजे जवळजवळ एक तास वीस मिनिटे वोल्गेमुट त्या फळीवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे झेपावत होता. त्या मार्गावर वळणे किती आहेत हे ध्यानात घेतले, तर या श्रमाची कल्पना येईल.

१९६१ चा हंगाम सुरू झाला तो बार्सेलोनाच्या मोंटजुइक टेकडीवर. विश्वविजेत्या जोडीने तेथली पहिलीच शर्यत जिंकली. त्यानंतर लवकरच, त्याच वसंत ऋतूत, न्युर्बर्गरिंग येथील आयफेल शर्यतीत त्यांचे वाहन अपघातात सापडले. वोल्गेमुट प्राणास मुकला. फाथ गंभीर जखमी झाला, पण वाचला.

साइडकारच्या इतिहासात अशा घटना एकट्या-दुकट्या नाहीत. त्याच १९६१ साली इटलीत मोदेना येथे स्विस चालक फ्लोरियान कामाथियास याचा जोडीदार हिल्मार चेको मरण पावला. कामाथियास पुन्हा धावू लागला आणि १९६५ मध्ये इंग्लंडमधील ब्रँड्स हॅच येथे स्वतःच गेला. १९६५ आणि १९६६ चा विश्वविजेता फ्रित्स शायडेगर १९६७ मध्ये मॅलरी पार्क येथे मृत्युमुखी पडला. त्याचा जोडीदार जॉन रॉबिन्सन मात्र वाचला. १९६८ मध्ये बेल्जियमच्या स्पा येथील शर्यतीत योहान आटेनबर्गर आणि योसेफ शिलिंगर ही जोडी एकदमच गेली. दोघांच्या या खेळात मृत्यू कधी एकाला निवडतो, कधी दुसऱ्याला, कधी दोघांनाही. जो मागे राहतो त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न विजेत्यांच्या तक्त्यांत कोठेच येत नाही.

येथे मला माझ्या एका रुग्णाची हकिगत सांगितली पाहिजे, कारण फाथची कथा माझ्या मनात का रुतून बसली याचे उत्तर त्या हकिगतीत आहे.

नव्वदीच्या दशकाच्या आरंभीची गोष्ट. उद्यमबागेतील एका कारखान्यात फिटर असलेले एक गृहस्थ रात्री माझ्याकडे आणले गेले. त्यांच्या स्कूटरला साइडकार होती. वृद्ध आईला दवाखान्यात नेणे-आणणे सोपे व्हावे म्हणून त्यांनी ती स्वतःच्या हाताने बसवली होती. त्या दिवशी साइडकारमध्ये त्यांचा धाकटा भाऊ होता. खानापूर रस्त्यावर ट्रकची धडक बसली. भाऊ जागीच गेला. यांच्या उजव्या मांडीचे हाड मोडले होते.

हाडाचे काम मला येत होते. जर्मन शल्यचिकित्सक गेरहार्ड क्युन्चर याने मांडीच्या हाडाच्या पोकळीत पोलादी सळई बसवण्याची पद्धत १९४० मध्ये जगापुढे मांडली. स्वित्झर्लंडमध्ये १९५८ मध्ये एओ या गटाची स्थापना झाल्यावर हाडे जोडण्याचे शास्त्र आणखी काटेकोर झाले. महिनोन्‌महिने वजने टांगून रुग्णाला खाटेवर जखडून ठेवण्याचे दिवस माझ्या उमेदवारीच्या काळात पुष्कळसे सरत आले होते. मी सळई बसवली. क्ष-किरण चित्र उत्तम आले. चौथ्या दिवशी पायाच्या हालचाली सुरू करायच्या होत्या.

भावाविषयी त्यांना काय सांगायचे हा प्रश्न निघाला. घरची मंडळी हात जोडून म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, इतक्यात सांगू नका, त्यांना सोसायचं नाही.’ मी मान्य केले. ‘वरच्या वॉर्डात आहेत, बरे होताहेत,’ असे मी स्वतःच्या तोंडाने सांगितले. एकदा नव्हे, रोज सकाळच्या फेरीला सांगितले. अकराव्या की बाराव्या दिवशी भावाचा मुलगा, असेल दहा-अकरा वर्षांचा, काकाला भेटायला आला. त्याच्या डोक्यावर टोपी होती. खाटेजवळ येऊन वाकताना ती टोपी पडली आणि त्याचे मुंडण केलेले डोके दिसले.

त्यानंतर त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहणे सोडले. पाय हलवा म्हटले तर हलवीत नसत. गुडघा आखडू लागला. हाड जुळत होते, पण माणूस काही जुळत नव्हता. त्या काळी आमच्या गावांत अशा रुग्णाला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवण्याचा प्रघात नव्हता. मीही पाठवले नाही. आघातानंतरच्या मानसिक विकाराला अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात १९८० मध्ये स्वतंत्र नाव मिळाले होते. ते मी परीक्षेपुरते वाचलेलेही होते. खाटेवरच्या माणसाशी त्याचा संबंध मात्र मी जोडला नाही.

वोल्गेमुटच्या मृत्यूच्या वेळी, १९६१ मध्ये, असे नावही नव्हते. अपघातातून वाचलेल्या चालकाची मोडलेली हाडे जुळली म्हणजे तो बरा झाला, असेच सारे जग मानीत असे. फाथच्या अंतःकरणाचा ठाव घेण्याचा खटाटोप मी करणार नाही. परक्याच्या दुःखाविषयी आपण कल्पनेने लिहू नये. त्याने जे केले तेवढेच पाहू. जे केले ते असे, की तो आपल्या गावी यंत्रशाळेत कामाला लागला आणि त्याने एक नवे इंजिन घडवायला घेतले.

हे काम किती मोठे होते, हे थोडे सांगितले पाहिजे. शर्यतीचे इंजिन म्हणजे मोठाले कारखाने, आरेखनविभाग, चाचणीची यंत्रे आणि भरपूर पैसा यांचे फळ असते. फाथने सहकाऱ्यांच्या मदतीने उर्सेनबाखसारख्या खेड्यात पाचशे घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरी इंजिन उभे केले. बीएमडब्ल्यूच्या इंजिनात दोन सिलिंडर होते. फाथच्या इंजिनात एका ओळीत चार, म्हणजे प्रत्येक सिलिंडर सव्वाशे घनसेंटिमीटरचा. सिलिंडर लहान झाला की दट्ट्या हलका होतो, हलका दट्ट्या अधिक फेरे सोसतो, आणि फेरे वाढले की तेवढ्याच आकारमानातून अधिक शक्ती मिळते. तत्त्व सोपे आहे. पण त्यासाठी भुजादंड, झडपा आणि त्या उघडणारे दंड यांची घडण केसाच्या जाडीपेक्षाही सूक्ष्म मापात करावी लागते. एखादा भाग तुटला की नवा विकत मिळत नाही, स्वतःच घडवावा लागतो. वर्षामागून वर्षे यात गेली. दरम्यान माक्स डॉयबेल आणि एमिल हेर्नर या जोडीने १९६१ पासून १९६४ पर्यंत सलग चार विश्वविजेतेपदे मिळवली. त्यांच्यानंतर शायडेगर आला, त्यानंतर क्लाउस एंडर्स. जग पुढे निघून गेले होते.

फाथने आपल्या इंजिनाला नाव दिले ‘उर्स’. उर्सेनबाख या गावाच्या नावाची ती पहिली अक्षरे. कोणा धनिकाचे नाही, स्वतःचेही नाही, गावाचे नाव.

१९६६ मध्ये फाथ शर्यतीत परत आला. वाहन परतले यापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते हे, की त्याच्या फळीवर पुन्हा एक माणूस होता. वोल्फगांग कालाउख हे त्याचे नाव. एकट्याने धावायच्या मोटारसायकलीही जगात होत्या, आणि फाथचे इंजिन तसल्या मोटारसायकलीतही बसवता आले असते. पण तो साइडकारकडेच वळला. ज्या चालकाच्या वाहनावर आधीचा जोडीदार प्राणास मुकला, त्याच्याच मागे बसायला कालाउख तयार झाला, याचेही मला तितकेच कौतुक वाटते. विश्वास ठेवणाऱ्यालाही धैर्य लागते. आधीचा रुग्ण दगावल्याचे कळूनही जो पुढचा रुग्ण आपल्या हातावर मान ठेवतो, त्याचे आभार आपण कधी मानतो का?

पहिली दोन वर्षे नव्या इंजिनाचे दोष काढण्यातच बरीचशी गेली. १९६८ मध्ये मात्र फाथ आणि कालाउख यांनी विश्वविजेतेपद जिंकले. चौदा वर्षांची बीएमडब्ल्यूची अखंड मालिका तोडली ती एखाद्या प्रतिस्पर्धी कारखान्याने नव्हे, तर एका खेड्यातल्या यंत्रशाळेने. त्या वेळी फाथ एकोणचाळीस वर्षांचा होता. शर्यतपटूच्या हिशेबाने हे वय उतरणीचेच.

पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, तो पुन्हा विजेतेपदाच्या दावेदारांत असताना फिनलंडमधील इमात्रा येथे अपघात झाला आणि त्याचा पाय मोडला. ते विजेतेपद एंडर्सकडे गेले. फाथची स्वतःची स्पर्धात्मक कारकीर्द येथेच जवळजवळ संपली. त्याने इंजिने आणि सारा सरंजाम फ्रीडेल म्युंश या मोटारसायकल-निर्मात्याला विकला. परंतु ‘उर्स’ थांबले नाही. फाथच्याच चमूत काम केलेला होर्स्ट ओवेस्ले ते इंजिन घेऊन पीटर रटरफर्ड या जोडीदारासह धावला आणि १९७१ चा विश्वविजेता झाला. एका खेड्यात जन्मलेल्या इंजिनाचे हे दुसरे विश्वविजेतेपद. त्याच १९७१ साली ब्रिटिश शर्यतपटू फिल रीड याने एकट्याच्या अडीचशे घनसेंटिमीटर गटात विश्वविजेतेपद मिळवले. त्याच्या यामाहाचे इंजिनही फाथने सिद्ध करून दिलेले होते. स्वतः वाहनावरून उतरल्यावरही त्याचे हात असे इतरांच्या विजयांत राहिले. १९९३ मध्ये फाथचे निधन झाले.

एवढी त्याची कारकीर्द. विश्वविजेतेपदे दोनच. एंडर्सची सहा झाली, आणि पुढे स्टीव्ह वेब्स्टर तर दहापर्यंत पोहोचला. आकड्यांच्या दृष्टीने फाथ हा थोरांतला थोर नव्हे. पण आठ वर्षांच्या अंतराने पडलेली ती दोन विजेतेपदे मला एखाद्या मोडलेल्या हाडाच्या क्ष-किरण चित्रासारखी वाटतात. दोन टोके आणि त्यांच्यामध्ये हळूहळू भरत गेलेला अस्थिबंध. चित्रात तो पांढुरका ढग फार सामान्य दिसतो. सारे बळ मात्र त्याच्यातच असते.

वैद्यकानेही या खेळाकडून बरेच घेतले आणि त्याला बरेच दिले. ब्रुकलँड्स शर्यतमार्गावरचे वैद्यकीय अधिकारी डॉ. एरिक गार्डनर यांनी डोक्याच्या दुखापती पाहून शिरस्त्राण बनवून घेतले आणि १९१४ च्या आयल ऑफ मॅन शर्यतीत ते सक्तीचे झाले. १९३५ मध्ये मोटारसायकल अपघातात जखमी झालेल्या टी. ई. लॉरेन्स यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स होते. त्या मृत्यूनंतर त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा पाठपुरावा केला, १९४१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि ब्रिटिश सैन्यातील मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे झाले. १९७७ पासून इटलीचे डॉ. क्लाउदिओ कोस्ता यांचे फिरते रुग्णालय शर्यतींच्या जागी उभे राहू लागले. आज आपल्या चौकाचौकात हेल्मेटवरून जी हुज्जत चालते, तिच्यामागे अशा एकेका मृत्यूचा हिशेब ठेवणारे डॉक्टर आहेत. पण हे सारे डोक्याचे आणि हाडांचे झाले. मागे राहिलेल्याचा हिशेब अजून आपल्याला नीट मांडता आलेला नाही.

आता माझ्या त्या रुग्णाकडे पुन्हा वळतो. शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले असतील. एके दुपारी त्यांनी आपणहोऊन माझ्याशी तोंड उघडले. म्हणाले, ‘डॉक्टर, एकच सांगा. साइडकारची पकड सुटली होती का? ती मी बसवली होती.’

इतके दिवस त्यांच्या मनात काय चालले होते ते मला तेव्हा कळले. ट्रकची धडक बसली हे सर्वांना ठाऊक होते. त्यांना मात्र वाटत होते की आपणच आवळलेला बोल्ट सैल राहिला असावा, आणि तो सैल नसता तर भाऊ वाचला असता. ‘तसे काही नव्हते हो,’ असे म्हणणे सोपे होते. पण आधीच एकदा खोटे बोलून मी माझी पत घालवली होती. मी म्हणालो, ‘मला ठाऊक नाही. आपण जाऊन पाहू.’

दोन दिवसांनी कुबड्यांसह त्यांना माझ्या मोटारीत बसवून घेऊन गेलो. चेपलेली स्कूटर पोलीस ठाण्याच्या आवारात पडली होती. पाऊस पडून गेला होता, गवत वाढले होते. ते कुबडीवर भार देऊन वाकले. जोडाच्या एकेका पकडीवर त्यांनी बोटे फिरवली, बोल्ट हाताने फिरवून पाहिले. एकही हलला नाही. साइडकार जोडापासून सुटलेली नव्हती. धडकेने सांगाडा वाकला होता, पकडी मात्र जागच्या जागी होत्या. ते बराच वेळ तसेच वाकून उभे राहिले. मग म्हणाले, ‘चला, डॉक्टर.’

याने त्यांचे दुःख नाहीसे झाले असे मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणारी ताई आली तेव्हा त्यांनी गुडघा वाकवला. चार महिन्यांनी ते कामावर गेले. दीड वर्षाने सळई काढली तेव्हा त्यांनी ती मागून घेतली आणि विचारले, ‘ही कसल्या पोलादाची म्हणायची?’ फिटरचा प्रश्न होता. मला फार बरे वाटले. पुढे त्या पुतण्याला त्यांनीच आपल्या हाताखाली लेथवर शिकवले. स्कूटर पुन्हा घेतली, पण त्याला काही वर्षे जावी लागली. त्या स्कूटरवरून तोच पुतण्या त्यांच्या मागे बसून एकदा माझ्या दवाखान्यासमोरून जाताना मी पाहिला. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट होते.

पकडी सैल निघाल्या असत्या तर मी काय केले असते, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. तरीही त्यांना तेथे नेण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता असेच मला वाटते. त्या माणसाला सांत्वन नको होते, तपासणी हवी होती. ज्याच्या हातून दुसऱ्याचा भार वाहिला जातो, त्याला आपल्या हातांविषयी खरे ते कळण्याचा अधिकार आहे. आपल्यापैकी कोणाचा रुग्ण टेबलावर दगावला असेल, तर त्या रात्री घरी जाऊन आपणही एकेक बोल्ट चाचपून पाहतोच. आणि सकाळी पुन्हा हात धुऊन उभे राहतो, कारण फळीवर पुढचा माणूस येऊन बसलेला असतो.

सुहृदहो, या निमित्ताने एक छोटीशी सूचना आपल्यापुढे ठेवतो. अपघाताच्या रुग्णाच्या केसपेपरवर आपण वेळ, वाहन, शुद्ध हरपली होती का, उलटी झाली का, हे सारे टिपतो. तेथे आणखी एक ओळ असावी : ‘वाहनावर सोबत कोण होते, आणि त्यांचे काय झाले?’ उत्तर वाईट असेल तर ते रुग्णाला कोण, केव्हा सांगणार, हे पहिल्या दोन-तीन दिवसांत घरच्यांशी बोलून ठरवावे. सांगताना आपण स्वतः खाटेजवळ असावे आणि नंतरही त्याला एकटे सोडू नये. आज आपल्याकडे मनोविकारतज्ज्ञ आहेत, समुपदेशक आहेत. त्यांना बोलावण्यात कसलाही कमीपणा नाही. मी हे त्या वेळी केले नाही, आणि त्यामुळे एका मुलाच्या डोक्यावरून पडलेल्या टोपीला ते काम करावे लागले.

माझ्या दवाखान्यातील छापील केसपेपरवर ही ओळ मी त्यानंतर घालून घेतली. नमुना कोणास हवा असल्यास आनंदाने देईन.